सुतारांची जुनी हत्यारे : शोध व पुनर्वापर

खानदेशच्या गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक महत्त्वाचा कारागीर होता. नांगर, वखर, पाभर व बैलगाडी यांची घडण आणि दुरुस्ती तो करी व त्याबद्दल त्यास खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन आहे. पुढे लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आले आणि हे काम घटले. ज्या घरातील मुलांनी हा धंदा सोडला, तेथे वाकस, पटाशी, रंधा व करवत माळ्यावर गंजत पडतात आणि अखेर भंगारात वजनावर विकली जातात. नव्याने काम शिकणाऱ्या तरुणास मात्र हीच हत्यारे विकत घ्यावी लागतात.

जुने हत्यार मिळाल्यास प्रथम त्याची पारख करावी. धारेजवळ कानस हलकेच फिरवावी. कानस घसरली तर पोलादास पाणी चांगले आहे असे समजावे; ती सहज रुतली तर पाते मऊ आहे. पात्यास चीर असल्यास किंवा धारेलगत गंजाचे खोल खड्डे असल्यास ते हत्यार कामाचे नव्हे.

गंज काढण्यासाठी हत्यार रॉकेलमध्ये किंवा चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवून घासावे. चिंच वापरल्यास ते स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडे करून लगेच तेल लावावे. सहाणेच्या चाकावर धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. ते तापून निळे पडले तर पोलादाचे पाणी उतरते. पटाशीची उतरण सुमारे २५ अंशांची ठेवून अखेरची धार ३० अंशांच्या आसपास लावावी. दांडा सैल असल्यास वाळलेल्या बाभळीचा नवा दांडा बसवावा. रंध्याच्या लाकडास जवसाचे तेल द्यावे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर होते. या साहाय्यातून विजेवर चालणारी यंत्रे घेतली, तरी सांधा बसविणे, कड साफ करणे व वीज नसताना काम चालू ठेवणे यांसाठी हातहत्यारे लागतातच.

म्हणून पडताळणीच्या निमित्ताने पंचायत सदस्यांनी गावातील बंद पडलेल्या सुतारशाळांची विचारपूस करावी. मालकाच्या संमतीने ही हत्यारे शिकाऊ कारागिरांपर्यंत पोहोचवावीत. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासास वृद्ध सुतारांना पाचारण करावे. हत्यार दुरुस्त करता येते, परंतु ते चालविणारा हात एकदा गेला की ती विद्या परत मिळविणे कठीण असते.