उजळवण्याआधी वजन करा

काळं पडलेलं चांदीचं नाणं म्हणजे खराब नाणं, ही समजूत आमच्या कोल्हापुरात फार घट्ट आहे. नात्यातल्या एका वहिनींनी सासूबाईंच्या बटव्यातलं नाणं सराफाकडून तेजाबात उजळून आणलं आणि मग विचारलं, "भाऊजी, यावर नाव कुणाचं हो?" नाव आधीही नव्हतं. पण ज्या रेघा-ठिपक्यांवरून ओळख पटते, तेही निम्मे गेले होते.

ते गधैया नाणं होतं. इराणचा सासानी राजा पेरोझ (४५९–४८४) श्वेत हूणांकडून हरला आणि खंडणीपायी त्याची चांदीची नाणी पूर्वेकडे आली. इकडे ती चालली, म्हणून त्यांच्या नकला निघाल्या, मग नकलांच्या नकला. अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत राजाच्या चेहऱ्याच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके उरले, मागची अग्निवेदी शिडीसारखी दिसू लागली. आपल्याला झिजलेलं वाटतं ते बऱ्याचदा टांकसाळीतूनच तसं निघालेलं असतं. जो चेहरा छापातच नव्हता, तो घासून कुठून येणार?

पुढे तेराव्या शतकात तिकडे भूमध्य समुद्राकाठच्या अक्का शहरातले क्रूसेडवाले ख्रिस्ती मुसलमान सुलतानांच्या दिरहमची नक्कल पाडत होते, अरबी मजकुरासकट! पोपच्या वकिलाने हरकत घेतली तेव्हा १२५१ मध्ये त्यांनी क्रूस घातला, मजकूर ख्रिस्ती केला. लिपी मात्र अरबीच ठेवली. बाजार ज्या नाण्याला ओळखतो, ते बदलायला कुणीच धजत नाही.

तेव्हा आधी वजन करा. गधैया साधारण चार ग्रॅमचं भरतं. जुनं पातळ आणि पसरट, नंतरचं लहान, जाड, हिणकस. मग खिडकीशी तिरप्या उजेडात फिरवत वेदीची बाजू शोधा. ती सापडली की दुसरीकडचे ठिपके आपोआप उलगडतात. अक्षरं दिसलीच तर उत्तर कोकणचे शिलाहार आठवा, छित्तराजाच्या नावाची अशी नाणी आहेत. विकणारा मात्र 'आपल्या पन्हाळ्याच्या भोजराजाचं' म्हणून खपवतो. आणि कुणी 'शिवकालीन' म्हटलं तर किंमतही विचारू नका. महाराजांची ओळखीची नाणी म्हणजे सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई.

शेतात सापडलं असेल तर धुऊसुद्धा नका. कुठल्या गटात, किती खोल, सोबत खापर होतं का, हे लिहून ठेवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.