कानात किर्र आवाज येतो? इंजिनाजवळ बसणाऱ्यांनी हे वाचाच

१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे दिवस. ट्रॉलर शापोरा, मालीमच्या जेटीला लागतात, इंजिनं थांबतात, आणि केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या घराघरांतून एक तक्रार ऐकू येते: कानात शिट्टी वाजते, झोप लागत नाही. पाऊस कोसळत असतो तोवर काही जाणवत नाही. पाऊस थांबला की वाटतं, बाहेर रातकिडे ओरडताहेत. खिडकी लावली तरी आवाज तेवढाच! मग कोणी म्हणतं सर्दी बसली, कोणी म्हणतं कानात पाणी गेलं. बहुतेक वेळा हा आवाज आधीपासूनच असतो, इंजिन बंद झाल्यावर तो कळतो. डॉक्टर याला कर्णनाद म्हणतात.

हे होतं कसं? आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तिच्यात सुमारे १५ हजार बारीक केसपेशी असतात. बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या पेशी अगदी तोंडाशी असतात, आणि मोठ्या आवाजाने त्याच आधी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून आवाज येईनासा झाला की मेंदू आपला ‘व्हॉल्यूम’ वाढवतो. रेडिओवर स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला तर खरखर वाढते ना, तसंच. म्हणून ही शिट्टी बहुधा उंच सुरातली असते.

त्याच पेशी ‘स’, ‘श’, ‘त’ अशी अक्षरं पकडतात. म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण कळत नाही.” लिलावात ‘सात’ की ‘आठ’ हे नीट कळत नाही. घरी बायको म्हणते, मुद्दाम लक्ष देत नाहीत. मुद्दाम नसतं हो! आणि दर्यात बाजूच्या होडीची हाक चुकली तर ते भांडणावर थांबत नाही.

किती आवाज सोसतो? ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही साधारण मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला फक्त १ तास. मोजायला यंत्र नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं का ते बघा. लागत असेल, तर आवाज कानाला मारक आहे. आउटबोर्ड मोटारीचा दांडा धरणाऱ्याला आणि ट्रॉलरच्या इंजिनरूममध्ये उतरणाऱ्याला हे रोजचंच. डिचोली भागात खाणीवर, बार्जवर राबलेल्यांनाही हेच लागू. खाणी २०१२ ला थांबल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या, पण गेलेल्या पेशी त्यामुळे परत आल्या नाहीत.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. फोमचे प्लग घ्या, दोरीवाले, म्हणजे पाण्यात पडणार नाहीत. स्वच्छ हातांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी खोचले तर पैसे वाया. जाळं ओढताना, जेटीजवळ येताना, वायरलेस ऐकायचा असेल तेव्हा काढा. होडीमालकांना आमची विनंती: सायलेन्सर फुटका ठेवू नका, इंजिनाचं सैल झाकण घट्ट करा, आणि रोज एकाच खलाशाला मोटारीजवळ बसवू नका.

शिट्टी आधीच सुरू झाली असेल, तर ती हमखास घालवणारी गोळी नाही. विकणारे बरेच भेटतील. लसूण घालून तापवलेलं तेल कानात ओतू नका, पडद्याला भोक असेल तर नुकसान होईल. दोन पेग घेतल्यावर आवाज कमी होतो म्हणणारेही आहेत, पण त्यानेच रात्रीची झोप मोडते. अगदी शांत खोलीत झोपू नका. पंखा, हळू लावलेला रेडिओ किंवा मोबाईलवर लाटांचा आवाज, शिट्टीपेक्षा थोडा कमी ठेवा. हळूहळू मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, याला काही महिने लागतात. ऐकूही कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांची शिट्टी मागे पडते.

बंदीतच तपासून घ्या. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जा. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, काढला की काम झालं. नाहीतर म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीला गोमेकॉचा कान-नाक-घसा विभाग. तिथे ऑडिओमेट्री करायला सांगा, आणि चालू असलेल्या गोळ्या सोबत न्या, कारण काही औषधांनीही कान वाजतात.

एकाच कानात आवाज, नाडीसारखी धडधड किंवा चक्कर असेल तर टाळू नका. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात. आवाजाने जीव नकोसा झाला असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्री कधीही बोलता येतं.