‘फिनिश’ या शब्दाची शीव

दिवाळीच्या सुटीआधी नववीच्या एका विद्यार्थ्याने आमच्यापुढे अर्ज ठेवला. घरच्यांनी ऊसतोडीची उचल घेतली होती आणि कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळायला माणूस हवे होते. अर्ज इंग्रजीत लिहावा, हा आमचा नेहमीचा आग्रह. अखेरीस त्याने लिहिले होते : ‘माय स्कूल इज फिनिश.’ व्याकरण दुरुस्त करण्यासाठी आम्ही लाल पेन उचलले खरे. पण या शब्दाचा इतिहास आम्ही वर्गात कधीच सांगितलेला नाही, हे तेव्हा ध्यानात आले. तो येथे मांडतो.

समाप्तीसाठी इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द ‘एन्ड’. तो जर्मानिक कुळातला असून आपल्या ‘अंत’ या शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. ‘फिनिश’ मात्र बाहेरून आला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ तेथील दरबारावर व न्यायालयांवर फ्रेंच भाषेचा पगडा राहिला. फ्रेंच ‘फिनीर’ या क्रियापदाच्या काही रूपांत ‘फिनिस्’ असा अंश येतो. त्याचेच इंग्रजीत ‘फिनिश’ झाले. ‘पनिश’, ‘नरिश’, ‘अबॉलिश’ ही क्रियापदेही त्याच वाटेने आलेली आहेत.

‘फिनीर’च्या मागे लॅटिन ‘फिनिस’ उभा आहे आणि त्याचा अर्थ हद्द, शीव. जमीन जेथे सरते ती रेषा. पुढे कामाच्या आणि काळाच्या शेवटालाही तोच शब्द लागू झाला.

या एका शिवेतून किती शब्द निघाले! दंड या अर्थाचा ‘फाइन’ म्हणजे मुळात तंट्याचा शेवट करणारी रक्कम. मध्ययुगीन इंग्लंडात जमिनीचा दावा मिटविणाऱ्या तडजोडीलाच ‘फाइन’ म्हणत. तिचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहीत, मग चर्मपत्र नागमोडी कापून दोन भाग पक्षकारांना देत आणि तळाचा भाग न्यायालय ठेवून घेई. ११९५ पासून हे तळाचे भाग पद्धतशीर जपले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला तो खजिनाच होय. १८३३ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. ‘फायनान्स’ हाही देणे चुकते करण्यावरूनच आला. सुबक, तलम या अर्थाचा ‘फाइन’ म्हणजे शेवटापर्यंत नेलेले. आमचे गवंडी, सुतार, रंगारी पालक ‘फिनिशिंग’ म्हणतात, तेव्हा काम थांबले असे त्यांना म्हणायचे नसते. हात शेवटच्या कडेपर्यंत फिरला, असे म्हणायचे असते. आमच्या मते अनेक शब्दकोशांपेक्षा त्यांनाच हा अर्थ अधिक नेमका कळला आहे.

एका शब्दापाशी मात्र थांबावेसे वाटते. ‘अफिनिटी’ ज्यावरून आला तो लॅटिन ‘अफिनिस’ म्हणजे ज्याची शीव आपल्या शिवेला लागून आहे तो शेजारी. आणि पुढे, विवाहाने जोडला गेलेला सोयरा. शिवेला शीव लागली की सोयरीक जुळते, असे ही भाषा गृहीत धरते. आपल्याकडे गावाच्या शिवेचा वाद उभा राहिला की महाराची साक्ष घेतली जाई. गावाची हद्द त्याच्याइतकी कोणाला ठाऊक? पण त्याची वस्ती गावकुसाबाहेर, आणि सोयरिकीचा तर प्रश्नच नव्हता. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय म्हटला, तो याच तुटलेल्या जागी बोट ठेवून.

त्या विद्यार्थ्याला आम्ही विचारले, “शाळा पुरी झाली म्हणायचे आहे, की संपली?” खाली पाहत तो म्हणाला, “संपली, सर.” आम्ही ते वाक्य खोडले आणि त्याच्याच हातून परतण्याची तारीख लिहून घेतली. हंगाम आटोपून तो परीक्षेच्या आठ दिवस आधी वसतिगृहात आला. इंग्रजीत काठावर पास झाला.