घोट्याचा कल आणि कागदावरील शेरा

मोडलेले हाड जुळणे आणि ते सरळ जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रिसोड तालुक्यातील आमच्या शेतात, सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत धुऱ्यावरून पाय घसरून माझा डावा घोटा मोडला. यथाकाल प्लॅस्टर निघाले आणि निजवून काढलेल्या एक्स-रेवर ‘हाड जुळले’ असा शेराही पडला. परंतु पुढे चपलेचा तळ आतल्या कडेने झिजू लागला आणि उभे राहिले की टाच बाहेरच्या अंगास कललेली दिसू लागली.

अकोल्याच्या अस्थितज्ज्ञांनी मला पाठमोरे उभे करून दोन्ही टाचा न्याहाळल्या, गुडघेही पाहिले आणि दोन्ही पायांवर भार देऊन पुन्हा एक्स-रे काढविले, तेव्हा निजलेल्या चित्रात दडलेला सांध्याचा कल स्पष्ट झाला. म्हणून घोट्याच्या वाकडेपणाची शंका असेल त्याने उभ्याने काढलेल्या एक्स-रेचाच आग्रह धरावा. मधुमेह असून घोटा सुजलेला व ऊन लागत असेल, तर तो दुखत नाही एवढ्यावर विसंबून घरी बसू नये.

उपचार हाताने पाय सरळ होतो की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असतात. होत असेल तर बुटातील आधार, पट्टा व व्यायाम यांनी बहुधा निभावते. हाडच वाकडे जुळले असून सांध्यातील कूर्चा शाबूत असेल तर घोट्याच्या वर हाड कापून, सरळ करून प्लेट बसवितात. कूर्चा झिजून गेली असल्यास सांधा कायमचा जखडण्याचाही विचार होतो. माझे हाड कापावे लागले, आणि त्यासाठी प्रथम खर्रा सोडावा लागला, कारण तंबाखूने हाड जुळण्यास विलंब होतो.

खरी अडचण पुढे दप्तरात उद्भवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात बाहेर कललेल्या संपादित विकृतीस एम २१.०, आत वळलेलीस एम २१.१ आणि पायाच्या जन्मजात विकृतींस क्यू ६६ असे संकेत आहेत. माझ्या कागदावर क्यू ६६.६ पडल्यामुळे विमा कंपनीने व्याधी जन्मजात ठरवून दावा रोखला. मूळ अपघाताचा केस पेपर व पहिला एक्स-रे जोडून खुलासा केल्यावर नोंद एम २१.० अशी दुरुस्त झाली, सोबत जुन्या अस्थिभंगाच्या परिणामाचा टी ९३.२ लागला आणि मंजुरी मिळाली.

अमेरिकी आवृत्तीत उजव्या घोट्यास एम २१.०७१ व डाव्यास एम २१.०७२ असे निराळे संकेत आहेत; मूळ वर्गीकरणात मात्र बाजू कळत नाही. तेव्हा सुट्टीचा कागद हाती घेताना कोणता पाय, कोणत्या दिशेचा कल आणि तो जन्मजात की अपघातोत्तर, हा तपशील अक्षरी लिहवून घ्यावा, आणि अपघाताच्या दिवसाचा केस पेपर पाय बरा झाला तरी रद्दीत घालू नये.