उत्तर नको, माहिती पुरते का ते सांगा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेतील दुसरा पेपर २०१५ पासून केवळ पात्रतेपुरता आहे. तरी ३३ टक्के गुण हवेतच, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. नागपूरच्या वाचनालयांत रात्री उशिरापर्यंत बसणारे आपले पुष्कळ विद्यार्थी माहितीच्या पर्याप्ततेच्या गणितात उगाच उत्तर काढत बसतात.

समजा विचारले : क्ष हा य पेक्षा मोठा आहे काय?
विधान १ : क्ष वर्ग > य वर्ग.
विधान २ : क्ष + य > ०.

प्रथम प्रत्येक विधान एकटे तपासू. पहिल्यात क्ष ३ व य २ घेतल्यास 'होय', क्ष −३ व य २ घेतल्यास 'नाही'. म्हणजे ते अपुरे. दुसऱ्यात ३ व −२ घ्या, मग त्यांची अदलाबदल करा, तेही अपुरे. आता दोन्ही एकत्र. क्ष वर्ग − य वर्ग म्हणजे (क्ष + य)(क्ष − य). हा गुणाकार धन, त्यात क्ष + य धन. म्हणून क्ष − य धनच. दोन्ही मिळून माहिती पुरेशी.

क्ष ÷ य > १ दिसताच क्ष > य लिहिण्याची घाई मात्र नको. −३ ला −२ ने भागल्यास १.५ येतात, पण −३ हीच लहान. य चे चिन्ह ठाऊक नसता त्याने गुणू नये. आणि हो, निश्चित 'नाही' मिळाले तरी विधान पुरेसेच धरावे.