रोजचे दुखणे, घर आणि श्रद्धा



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. त्या यादीत बहुतेक नावे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची असतात. पण आपल्यामध्ये असेही आजारी आहेत की ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही. ते रविवारी मिस्साला येतात, लग्नकार्यात राबतात, नाताळला करंज्या लाटतात. सकाळी उठताना मात्र त्यांची बोटे मिटत नाहीत. बादली उचलताना मनगटातून कळ जाते. लग्नाची अंगठी केव्हाच काढून कपाटात ठेवलेली असते, कारण सुजलेल्या बोटात ती जात नाही. हे दुखणे वर्षानुवर्षे चालते आणि दिसत नाही म्हणून घरातल्यांनाही पुरते ठाऊक नसते.

अशा आजारांपैकी एक म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपण त्याला आमवात म्हणतो, किंवा सरसकट संधिवात. वयोमानाने गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. बहुधा दोन्ही हातांचे लहान सांधे आधी धरतात. सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तास किंवा त्याहूनही जास्त टिकतो. सोबत असा थकवा येतो की झोपून उठले तरी उतरत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार 2 ते 3 पट अधिक आढळतो आणि तो पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात सुरू होतो. मुले शाळेत, सासूसासरे म्हातारे, घराचे हप्ते चालू, अशा वेळी तो घरात शिरतो.

सुरुवातीच्या महिन्यांत योग्य औषध मिळाले तर सांधे वाचवता येतात. वाकडी झालेली बोटे मात्र औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून ‘बघू, पावसाळा गेला की कमी होईल’ असे म्हणत थांबू नये. सांधे सुजले आणि सकाळचा ताठरपणा काही आठवडे टिकला, तर संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. नेहमी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. तो वार घरातील कोणीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवावा. त्याचा गुण यायला 6 ते 12 आठवडे लागू शकतात. काही जण पंधरा दिवसांत कंटाळून ते सोडतात आणि मग कोणाच्या तरी सांगण्यावरून बिननावाच्या पुड्या आणतात. त्या पुड्यांनी दोन दिवसांत बरे वाटले तर अधिकच सावध व्हावे, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. वेदनाशामक गोळ्या परस्पर दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात. ज्या भगिनींना मूल हवे आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही.

आता घराकडे वळू. हा आजार कधी शांत असतो, कधी उसळतो. मनाचा ताण, जागरण आणि दगदग यांनी दुखणे वाढते. दुखण्याने झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक टोचते, चिडचिड होते आणि घरात शब्दाला शब्द लागतो. मुलीचे लग्न ठरले, नवऱ्याची नोकरी गेली, जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत बिनसले, की त्याच आठवड्यात आईचे हात सुजतात. तिचे हे ढोंग नसते. काल हिने भाकऱ्या केल्या आणि आज पाण्याचा तांब्या उचलवत नाही, हे पाहून घरच्यांना शंका येते. पण कमीजास्त होणे हेच या आजाराचे लक्षण आहे. ती शंका मात्र तिला फार खोल लागते.

यावर एक साधी गोष्ट पुष्कळ घरांत उपयोगी पडते. डॉक्टर विचारतात तसे घरातल्यांनीही सकाळी विचारावे : शून्य ते दहात आज किती? ‘सात’ असे उत्तर आले की वाद नको, खुलासा नको. त्या दिवशी कुकर मुलाने उतरवायचा, कपडे नवऱ्याने पिळायचे. ‘तीन’ असेल तर तिला तिचे काम करू द्यावे. तिच्या हातून सगळेच काढून घेणे हीसुद्धा तिला एक शिक्षाच होते. सांध्यांना हलता व्यायाम हवाच असतो, फक्त उसळीच्या दिवसांत बेताने. नळाची फिरकी बदलून दांड्याचा नळ लावणे, पाच किलोचा डबा भरण्याऐवजी दोन लहान डबे करणे, सकाळी हात कोमट पाण्यात बुडवणे, ही फार खर्चाची कामे नाहीत. खरी अडचण खर्चाची नसतेच. ‘बाईमाणसाने दुखणे बोलून दाखवू नये’ ही समजूत नडते आणि ती आपल्या वाड्यावाड्यांत अजून आहे. नवऱ्यालाच हा आजार असेल तर तो तर डॉक्टरांसमोरही बोलत नाही.

या समजुतीला आपण कधीकधी धर्माची जोड देतो. ‘येशूने क्रूस सोसला, तूही सोस,’ असे म्हणणे सोपे असते, विशेषतः ज्याचे दुखत नाही त्याला. आपले दुखणे प्रभूच्या दुःखाशी जोडून अर्पण करणे ही आपल्या ख्रिस्तसभेची जुनी आणि सुंदर साधना आहे. पण अर्पण ज्याचे त्याने करायचे असते. दुसऱ्याला गप्प करण्यासाठी ते वापरायचे नसते.

पवित्र शास्त्र काय दाखवते ते पाहा. संत पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो काढून टाकावा म्हणून त्याने प्रभूला एकदा नव्हे, तीनदा विनविले. काटा राहिला आणि कृपाही मिळाली. पण आधी विनवणी झाली, हे आपण वाचताना विसरतो. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर मुकाट बसले. एवढे त्यांचे बरोबर होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडून कारणे सांगायला सुरुवात केल्यावर. शेवटी परमेश्वराने त्या मित्रांना दोष दिला, आणि ज्याने रडून-भांडून तक्रार केली तो ईयोब योग्य बोलला असे ठरविले. स्तोत्रसंहितेतील 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तेही प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवले आहे. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोघांचेही नाही म्हणून सांगितले. तरीही हा प्रश्न आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी अजून कुजबुजला जातो.

आणि गेथशेमानी बागेत प्रभूने स्वतः काय केले? प्याला टळावा म्हणून पित्याजवळ मागितले आणि मित्रांना जागे राहून सोबत करायला सांगितले. पुढे वाटेत कुरेनेकर शिमोनाला त्याचा क्रूस उचलायला लावले. सोबत मागणे व मदत घेणे हे क्रूसाच्या वाटेबाहेरचे नाही.

औषधांबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. रिट्रीटहून परतल्यावर ‘आता माझा विश्वास आहे, गोळ्या नकोत’ असे म्हणणारे भेटतात. बेन सिराच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय वाचावा. तेथे वैद्याचा मान ठेवा असेच सांगितले आहे, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे. वेदना कमी करणारे औषध घेणे ख्रिस्ती माणसाला योग्य आहे का, हा प्रश्न भूलतज्ज्ञ डॉक्टरांनीच पोप बारावे पायस यांना विचारला होता. 24 फेब्रुवारी 1957 रोजी त्यांनी उत्तर दिले की योग्य आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखावर पत्र लिहिले. गोळीबारात ते जबर जखमी झाले त्याला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. त्या पत्रात सोसणाऱ्याविषयी पुष्कळ लिहून झाल्यावर एक पूर्ण प्रकरण चांगल्या शोमरोन्यासाठी ठेवले आहे. जखमी माणसाजवळ थांबणाराही त्यांना तितकाच महत्त्वाचा वाटला.

दीर्घ दुखण्यात ‘मरण आले तर बरे’ असे मनात येऊ शकते. लिझ्यूची संत तेरेजा 1897 साली क्षयाने तळमळत होती. इतक्या वेदना असलेल्या रुग्णाजवळ विषारी औषधे ठेवू नका, असे तिने बजावले होते. संतालाही हे कळत होते, म्हणून कोणी त्याची लाज वाटून घेऊ नये. असे विचार येत असतील तर घरात एकाला तरी आणि आपल्या डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते.

चर्चमधल्या काही गोष्टी. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा फक्त मरणासन्नांसाठी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ते स्पष्ट केले आणि 1972 साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी दिला. आजार गंभीर वळणावर आला तर तो घेता येतो आणि पुढे प्रकृती अधिक ढासळली तर पुन्हाही घेता येतो. फादर तेल घेऊन आले म्हणून शेजाऱ्यांनी रडारड करू नये. घरी ख्रिस्तप्रसाद हवा असेल तर पूर्ण अंथरूण धरण्याची वाट न पाहता आपल्या एस.सी.सी.च्या प्रमुखांना सांगावे. उसळीच्या रविवारी मिस्सा चुकली तर ते पाप नाही. मिस्सात गुडघे टेकवत नसतील तर टेकू नयेत. अर्पणवचनांनंतर धर्मगुरू गुडघा टेकतात त्या वेळी मान व कंबर वाकवून नमन करावे, आणि बाजूच्या बाकावरच्यांनी वळून पाहू नये. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही बंधनकारक नाही. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारीही, ज्यांची गोळी जेवणानंतरची आहे त्यांनी जेवूनच गोळी घ्यावी.