कळसूबाईला जाताना

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. उंची १६४६ मीटर. ते अकोले तालुक्यात आहे. मुक्काम कुठे करावा? आम्ही तर शेंडीला करतो. हे गाव भंडारदरा धरणापाशी आहे. पायथ्याचे बारी गाव तिथून जवळ. दुसऱ्या दिवशी रतनवाडीला जाऊन रतनगडही होतो. बिऱ्हाड मोडावे लागत नाही. ओझे बिऱ्हाडीच राहते. बरोबर फक्त भाकरी नि पाणी.

उजाडताच बारीहून निघावे. चढायला तीन-चार तास लागतात. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात. उतरताना गुडघे थकलेले असतात. त्यात अंधार पडला नि पाय चुकला, की संपलेच! म्हणून बारा वाजले, की आम्ही मागे फिरतो. शिखर समोर दिसत असले, तरी फिरतो. देवी काही रागावत नाही. नवरात्रात शिड्यांवर गर्दी असते. तेव्हा तासभर आधी निघा.